दहापैकी नऊ

हनुमंतराव माने कुणाच्याही घरी गेले, की पाणी मागण्याआधी खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे. एकच, पण कडक. मग मान जराशी तिरकी करून ती विरेपर्यंत ऐकायचे. यजमान नवखा असेल तर बिचारा गोंधळून जायचा. आठ वर्षांपूर्वी मी पुण्याहून बदली घेऊन बंगळूरला आले आणि राजाजीनगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं पाहायला गेले, तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी माझ्यासमोर अशीच टाळी वाजवली. “ऐकलीस? परत आली बघ,” ते म्हणाले. “इथं तू नवऱ्याशी भांडलीस तर तुझं बोलणं तुलाच दोनदा ऐकायला लागेल. जाड पडदे लाव.” मी सांगितलं, की मी एकटीच राहणार आहे. “मग फोनवर भांडशील की!” असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं, ते त्यांच्या बायकोनं जिन्यात गाठून बोलून घेतलं.

मान्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ जेवणाच्या टेबलावर. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही म्हणू लागले. अण्णा एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात तपासणी विभागात बत्तीस वर्षं होते. तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यांनी सही केल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते टेबल त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, आज ऊन फार आहे, तर हे लगेच, “फार म्हणजे किती? मोजलंस?” भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं असायचं: “सांगू नको, मोजून दाखव.”

त्यांच्या हॉलमध्ये त्यांनी स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बांधलेला, लोखंडी पेटीतला, दोघांनी मिळून उचलावा लागेल इतका जड. रेकॉर्डवरचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणं एवढंच त्याचं काम, पण ते करताना तो असा तापायचा, की वर हात ठेवायची सोय नसे. डिसेंबरच्या थंडीत अक्का डोशाच्या पिठाचं पातेलं त्याच्या शेजारी ठेवायच्या आणि पीठ हमखास फुगून यायचं. “तुझ्या अण्णांचं मशीन गातं किती ते मला माहीत नाही,” अक्का म्हणायच्या, “पण आंबवतं फर्स्टक्लास.” अण्णांना हे मुळीच आवडायचं नाही. ते पातेलं उचलून लांब ठेवत, अक्का ते परत आणून ठेवत. डिसेंबरभर त्या पातेल्याची अशी ये-जा चालायची.

दर रविवारी सकाळी दहा वाजता तिथे मैफल भरायची. अण्णांचे कारखान्यातले दोन मित्र, पलीकडच्या गल्लीतले गणिताचे निवृत्त शिक्षक राममूर्ती सर, कधी कुणाचा पाहुणा, आणि पहिल्याच महिन्यापासून मी. चटईवर बसायचं, अण्णा रेकॉर्ड लावणार, दोन तास ऐकायचं, मग कॉफी. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण परक्या गावात रविवार फार मोठा असतो, आणि माझा रविवार अण्णांनी खाऊन टाकला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

अण्णांच्या कानांचा लौकिक लांबवर पसरलेला होता. जे. पी. नगरहून लोक त्यांना गाडीत घालून न्यायचे, नवे स्पीकर घेण्याआधी दुकानात ऐकवायला. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि एका वाक्यात निकाल द्यायचे. “पोटात बोलतोय, नको.” “ह्याला सर्दी झालीय.” किंवा क्वचित, “सरी. हा घ्या.” सरी म्हणजे ठीक. पण अण्णा सरी म्हणाले, की माणूस दुसरं दुकान बघायच्या भानगडीत पडत नसे. आपल्या कानांचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवायचेही नाहीत.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका रविवारी गाणं चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू बंद पडली. त्यात लागणारे जुने ट्रान्झिस्टर बाजारात मिळेनासे झाले होते. घरात जपून ठेवलेली शेवटची जोडी अण्णांनी बसवली आणि गाडी पुन्हा सुरू झाली. पण पुढच्या वेळी बंद पडला तर तो कायमचाच, हे सगळ्यांना कळून चुकलं. त्यांची मुलगी सुनंदा देवनहळ्ळीला राहते. ती पुढच्या रविवारी टॅक्सीतून उतरली ती एक खोकं घेऊनच. आत नव्या पद्धतीचा, क्लास डी म्हणतात तसला अ‍ॅम्प्लिफायर होता. जेवणाच्या डब्याएवढा. मी तो एका हातानं उचलला.

“हे डबडं गाणार?” अण्णा म्हणाले.

“अप्पा, ह्याची ताकद तुमच्याच्या दुप्पट आहे,” सुनंदा म्हणाली. “आणि तापत नाही.”

“तापत नाही ते ठाऊक आहे मला. शिकवू नको.” मग माझ्याकडे वळून त्यांनी मला समजावलं. “ऐक. जुना कसा, नळ कायम अर्धा उघडा. गाणं असो नसो, पाणी वाहतंय. म्हणून तापतो. नवा कसा, नळ एकतर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद. सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद, उघड-बंद. वाया काही जात नाही. हुशारी आहे. मी नाही म्हणत नाही. पण असं तुकडे तुकडे केलेलं गाणं मला कळल्याशिवाय राहणार नाही.”

“मोजून दाखवा,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

झालं, अण्णांना त्यांच्याच शब्दात पकडलं. ते म्हणाले, “सरी. टेस्ट करू. मला दोन्हींतला फरक ओळखता आला तर जुना राहील. नाही आला तर हा राहील, जुना जाईल. पुढं कुणी तोंड उघडायचं नाही.” रविवारची सगळी मंडळी साक्षीला होती.

पुढचे सहा दिवस ते तयारीतच बुडालेले होते. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवून पुढे दोरीवर चादर टांगली. एक स्विच बनवला, खटका डावीकडे केला की जुना वाजणार, उजवीकडे केला की नवा. दोन्हींचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारखा केला. “एक जरा जरी मोठा वाजला ना, तर कान त्यालाच चांगला म्हणतो,” ते म्हणाले. “कान लाचखाऊ असतो. त्याच्यावर पहारा ठेवायला लागतो.” चादरीमागे कुणी बसायचं, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं. मी दर वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर जुना लावायचा, काटा आला तर नवा, आणि काय लावलं ते कागदावर लिहायचं. बाहेर अण्णा ऐकून “जुना” किंवा “नवा” म्हणणार, राममूर्ती सर ते टिपून घेणार. असं दहा वेळा. मग दोन कागद शेजारी ठेवायचे.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. वर्षाच्या शेवटी लोकांच्या कामाला गुण देणं आणि ते गुण त्यांना झेपतील अशा शब्दांत सांगणं, हे माझं काम. कुणाच्या तिनाचे साडेतीन करायचे, कुणाला ‘कमी पडला’ऐवजी ‘वाढीला वाव आहे’ म्हणायचं. यात मी तरबेज आहे आणि मला ते वाईटही वाटत नाही. लोकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचं असतं.

रविवारी टेस्ट सुरू झाली. पहिल्यांदा छापा आला, मी जुना लावला. अण्णा बराच वेळ ऐकून म्हणाले, “नवा.” दुसऱ्यांदा काटा आला. अण्णा म्हणाले, “जुना.” तिसऱ्यांदाही चूक. चादरीच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, आणि मांडीवरची बोटं एकसारखी हलत होती. समोर त्यांचे कारखान्यातले मित्र होते, ज्यांनी सगळं आयुष्य यांच्या सहीवर विश्वास ठेवला होता. राममूर्ती सर होते. मुलगी होती. चौथ्यांदा नाणं उडवलं, अण्णा बोलले, आणि मग मी कागदावर नाण्याचा कौल लिहिला नाही. अण्णांनी जे म्हटलं ते लिहिलं, आणि पुढेही शेवटपर्यंत तसंच. पहिल्या तीन ओळीही तशाच बदलून नव्या कागदावर उतरवल्या. एक उत्तर, दुसरं, मुद्दाम चुकीचं ठेवलं. दहापैकी दहा दिले की लोकांना संशय येतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. दहापैकी नऊ. कारखान्यातल्या मित्रांनी अण्णांच्या पाठीवर थापा मारल्या, राममूर्ती सरांनी कन्नडमध्ये काहीतरी मोठं कौतुक केलं. सुनंदानं हिरमुसून नवा अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरला. अण्णा फक्त म्हणाले, “कॉफी घ्या.” मला वाटलं, भारावून गेलेत. मी खुशीत वर आले. एका म्हाताऱ्या माणसाचा मान राखला, असं स्वतःला सांगून मी दुपारी छान झोपलेसुद्धा.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर अण्णा जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले होते. “वैशाली, स्वल्प थांब,” ते म्हणाले. “एक हिशेब जुळत नाहीये. पहिली पाच उत्तरं मी ऐकून दिली. खरं सांगायचं तर पाचही वेळा मला फरक कळला नाही, अंदाजानं ठोकलं. मग पुढची पाच मी ऐकलीच नाहीत.”

“ऐकली नाहीत?”

“माझा कारखान्यातला टोकन नंबर पाच आकडी होता. तो मनात म्हणत गेलो. सम आकडा आला की जुना, विषम आला की नवा. आणि ती पाचच्या पाच बरोबर आली.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “माझा टोकन नंबर तुझ्या नाण्याला कसा काय ठाऊक?”

ते अगदी शांतपणे पुढे म्हणाले, “पाच वेळा सलग जुळणं, बत्तीसातून एकदा तसं नुसत्या नशिबानं पण होऊ शकतं. म्हणून विचारतोय. तसं झालं का?”

त्यांनी मला पळवाट दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विषय संपला असता. पण त्यांचं ते बघणं मला सहन होईना. मी म्हटलं, “नाही, अण्णा. मी खोटं लिहिलं.” आणि मग रडू आवरत, उलट त्यांच्यावरच उखडले. “पण तुम्ही माझी परीक्षा घेतलीत? माझ्यावर विश्वास नव्हता तर मला बसवलंत कशाला?”

“विश्वास होता म्हणून बसवलं,” ते म्हणाले. “कारखान्यात आम्ही दर लॉटमध्ये एक खराब नग मुद्दाम घालायचो. तपासणाऱ्यानं तो पकडला तर तपासणी खरी. माझ्या टेबलावरही कुणीतरी घालायचं. बत्तीस वर्षं. मला कधी राग आला नाही.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “तू माझ्यावर दया केलीस. वाईट मनानं नाही केलीस, ते कळतंय मला. पण मग मला माझे कान कसे आहेत ते कोण सांगणार? मला एवढ्या मंडळींत एकटं पाडलंस की तू.”

मी नोकरीत शेकडो माणसांशी असं वागले असेन. त्यांतल्या एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. मला भीती होती ती पुढच्या रविवारची. घर सोडावं असंही मनात येऊन गेलं.

रविवारी अण्णांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, “गेल्या वेळची टेस्ट रद्द. मांडणीत चूक होती. मांडणी माझी होती.” बस, एवढंच. माझं नाव नाही, माझ्याकडे नजरही नाही. राममूर्ती सर म्हणाले, नऊ आले असताना पुन्हा कशाला? अण्णा म्हणाले, “नऊ आले म्हणूनच.” सुनंदाला खोक्यासकट पुन्हा बोलावून घेतलेलं होतंच. आणि चादरीमागे कोण बसणार, असं कुणी विचारायच्या आत ते म्हणाले, “वैशालीच. तिला सवय झालीय.”

त्या दिवशी मी दहा वेळा नाणं उडवलं आणि दहा वेळा जे पडलं ते लिहिलं. कागद शेजारी ठेवले. राममूर्ती सरांनी दोनदा मोजलं. चार. एक मित्र म्हणाला, आज रेकॉर्ड जरा घासलेली होती. “रेकॉर्ड तीच, कान तेच,” अण्णा म्हणाले, आणि अचानक मोठ्यानं हसले. “चार! अय्यो, मी झोपून राहिलो असतो आणि नाण्यानंच उत्तरं दिली असती तर पाच आले असते!” ते उठले, चादर काढली, जुन्याचा प्लग स्वतःच्या हातानं उपसला आणि नव्याला जागा करून दिली. सुनंदाला म्हणाले, “चांगला आणलास.” असं कौतुक त्यांनी तिच्या लग्नानंतर प्रथमच केलं, असं तिनं मला मागाहून सांगितलं.

मला वाटत होतं, या चारानं अण्णा खचतील. कुठलं काय! जे. पी. नगरचे लोक न्यायला आले तर आता ते चादर आणि स्विच बरोबर घेऊनच गाडीत बसायचे. दुकानदार कपाळावर हात मारायचे. अण्णा गिऱ्हाइकालाच चादरीपुढे बसवायचे आणि त्याला फरक सांगता आला नाही, की स्वस्तातला घ्यायला लावायचे. राममूर्ती सरांनी एकदा कुरकुर केली, की नव्या डबड्यात गाण्याचा जीव गेला, तर त्यांनाही बसवलं. सर पाचावर थांबले. “माझ्यापेक्षा एक जास्त,” अण्णा म्हणाले, “तुमचे कान सरी आहेत.” तक्रार राहिली ती एकट्या अक्कांची. डिसेंबर आला, पीठ फुगेना. त्यांनी पातेलं नव्याच्या शेजारी दोन दिवस ठेवून पाहिलं आणि मग मिक्सरवरची जुनी शाल त्याला गुंडाळली. अण्णांच्या अभियांत्रिकीबद्दल त्यांचं मत त्यानंतर कधीच सुधारलं नाही.

मी मात्र हळूहळू बदलले. ऑफिसात मऊ बोलते अजून, पण आकडा बदलत नाही. त्यामुळे माझे काही शत्रू झाले आहेत. पण माझ्या केबिनमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला आता आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णांना धाप लागू लागली. सुनंदानं आणि मी त्यांना रुग्णालयात नेलं. दोन दिवस तपासण्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावून सांगितलं. हृदयाचं बळ संपत आलं आहे, शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही, घरी न्या. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. सुनंदानं डोळे पुसले आणि आत जाऊन म्हणाली, “अप्पा, काही नाही, थोडा अशक्तपणा आहे. उद्या घरी जाऊ.” तिचं मी चूक म्हणणार नाही. मुलगी आहे ती. मग ती औषधं आणायला खाली गेली.

अण्णांनी मला जवळ बोलावलं. “आता तू सांग.”

मला सुनंदाची भीती वाटली, माझीही वाटली. पण त्यांनी पळवाट ठेवली नव्हती, आणि मला ती नको होती. डॉक्टर म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

त्यांनी छताकडे बघत मनाशी काही जुळवलं. “म्हणजे रविवार किती?”

“दोन. फार तर तीन.”

“दोन धरू,” ते म्हणाले, आणि मला कागद-पेन काढायला लावलं. त्या दोन सकाळी कुठल्या रेकॉर्डी लावायच्या, कुणाकुणाला बोलवायचं, कुणाची माफी मागायची राहिलीय, सगळं त्यांनी अर्ध्या तासात उतरवून घेतलं. सुनंदा वर आली तेव्हा तिला कागद दिसला आणि सगळं समजलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. पुढे बोलली, पण त्याबद्दल नाही.

पहिला रविवार ठरल्याप्रमाणे झाला. दुसराही. घर माणसांनी भरून गेलं होतं, अण्णा उशीला टेकून ऐकत होते, आणि ज्याची माफी मागायची होती तो कारखान्यातला माणूस मैसूरहून येऊन त्यांचा हात धरून बसला होता.

तिसरा रविवारही मिळाला. त्यासाठी अण्णांनी काहीच ठरवलं नव्हतं. त्या दिवशी घरात आम्ही चौघंच होतो, आणि रेकॉर्ड अक्कांनी काढली. कपाटाच्या अगदी मागची, मी कधी न ऐकलेली.

“ही मला लग्नाच्या आधीपासून आवडते,” अक्का म्हणाल्या.

“कधी बोलली नाहीस ते?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

अण्णांनी मला खूण करून ती रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली आणि अक्कांना शेजारी बसवून घेतलं. गुरुवारी ते गेले.